कुणालाही न सांगता मुंबई

मोबाईल घरीच ठेवा. आपण ज्या काळात चाललोय तिथल्या महागावात तो कशाशी खातात हे कुणालाच ठाऊक नाही. त्याऐवजी एक रुपयाची दहा-बारा नाणी खिशात टाका, पब्लिक फोनच्या लाल डब्यात घालायला. एक शाल घ्या. भाकरी, ठेचा आणि कांदा फडक्यात बांधून घ्या. आणि एक पक्कं खोटं कारण घ्या, कारण त्याशिवाय हा प्रवास सुरूच होत नाही.

साल १९९६, महिना डिसेंबर. यवतमाळ जिल्ह्यातल्या महागावच्या एसटी स्टँडवर सकाळचं ऊन पाठीवर घेत तुम्ही उभे आहात. वेचणीचे दिवस आहेत. हवेत कापसाचे तंतू तरंगतायत, ते भुवयांवर बसतात, नाकात जातात. शेजारी कुणीतरी तुरीच्या ओल्या शेंगा सोलून खातंय. पुसदची लाल गाडी धूळ उडवत येते आणि ती थांबायच्या आत लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात.

"कुठं चालला बे?"

"मुंबईले."

"काहून?"

हा 'काहून' फार महत्त्वाचा. उत्तर द्यायला क्षणभर जरी थांबलात तरी ते संध्याकाळपर्यंत तुमच्या वडिलांच्या कानावर जाईल. परीक्षेचा फॉर्म भरायचाय, असं सांगा. किंवा जे.जे. रुग्णालयात मामांना भरती केलंय म्हणा. आजारी मामाबद्दल कुणी उलटतपासणी घेत नाही. तुम्ही बाई असाल तर १९९६ साली महागावहून मुंबईला एकटीनं निघणं जवळपास अशक्य आहे. पण आपली गाडी काळाची आहे, तिच्यात तेवढी सवलत आहे. बसा.

निघण्याआधी तुम्ही कोण आहात तेही ठरवून टाकू. तुम्ही बावीस-तेवीस वर्षांचे. घरात लग्नाचं बोलणं सुरू झालंय. मुलगा असाल तर आजवर आपल्यासारखं माणूस तुम्ही एकाच ठिकाणी पाहिलंय, जत्रेतल्या तमाशात. नाच्या कमरेवर हात ठेवून आला की तंबूभर हशा पिकायचा. मित्र हसले म्हणून तुम्हीही हसलात, आणि रात्री झोप लागली नाही. मुलगी असाल तर जिवलग मैत्रिणीच्या लग्नात तिच्या हातावर मेंदी काढताना तुम्हाला रडू आवरेना. भोवतीच्या बायका कौतुकानं म्हणाल्या, पोरींचा एकमेकींवर किती जीव! त्यांनी बरोबर पाहिलं होतं. फक्त पुरतं पाहिलं नव्हतं.

आणि तुमच्या पाकिटात, फोटोच्या मागे, चार घड्या घातलेला एक कागद आहे. त्यावर मुंबईतल्या दोन-तीन जागा लिहिलेल्या आहेत. तो कागद गावात कधीच उघडायचा नाही.

पुसद, वाशीम, अकोला. रस्त्यात कापूस खरेदीच्या केंद्रांसमोर बैलगाड्यांच्या रांगा लागल्यायत, बैल रवंथ करतायत आणि माणसं गाडीखाली सावलीला झोपलीयत. अकोल्याच्या फलाटावर रात्री विदर्भ एक्सप्रेस येते ती नागपूरपासूनच भरलेली. जनरल डब्यात पाय ठेवायला जागा नाही. शौचालयाच्या दाराशी संत्र्यांच्या पेट्या आहेत, त्यांच्यावर बसा. रात्रभर संत्र्यांचा, बिडीचा आणि दमलेल्या अंगांचा वास. शेजारचा अनोळखी माणूस तुमच्या खांद्यावर डोकं टाकून घोरतो. तुम्ही हलत नाही. कुणाचं डोकं इतका वेळ खांद्यावर असण्याची ही पहिलीच वेळ आहे, आणि त्याला त्याचा पत्ताही नाही.

इगतपुरीला गार वाऱ्यानं जाग येते. इथे इंजिन बदलतात, त्यामुळे गाडी थांबते तोवर खाली उतरून गरम वडा पाव खाऊन घ्या. मग कसाऱ्याचा घाट, बोगद्यांमागून बोगदे, आणि उजाडतं ते कल्याणला. इथून पुढे बघा, शेजारून धावणाऱ्या लोकलच्या दारात माणसं लोंबकळतायत आणि त्यातलं एकही माणूस तुमच्याकडे बघत नाही.

व्हीटीला उतरा. स्टेशनला याच वर्षी छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव मिळालंय, शहराचं बॉम्बेचं मुंबई झाल्यालाही वर्षच झालंय, पण हमालांच्या तोंडी अजून व्हीटीच. आता पहिली न चुकवण्याजोगी गोष्ट, आणि ती फुकट आहे. त्या उंच छताखाली बॅग पायाशी ठेवून पाच मिनिटं नुसते उभे राहा. धक्के बसतील. कुणाची ट्रंक गुडघ्याला लागेल. कोळणींच्या पाट्यांतलं पाणी चपलेवर सांडेल, घामाचा, मासळीचा आणि ताज्या वर्तमानपत्रांच्या शाईचा वास एकदम अंगावर येईल. पण तुम्हाला कुणीही विचारणार नाही, कोणाचा तू? महागावात हा प्रश्न दहा पावलांवर एकदा येतो, आणि त्याचं उत्तर म्हणजे तुमचं आडनाव, तुमची आळी, तुमचा बाप आणि तुमचं होऊ घातलेलं लग्न. इथे हजारो माणसं तुम्हाला ओलांडून चाललीयत आणि तुम्ही कुणाचेच नाही. सुरुवातीला पोटात खड्डा पडतो. मग छाती हलकी होते. थांबा तसेच जरा वेळ.

राहायचं कुठे? लॉज परवडत नाही. पण विदर्भातल्या माणसाची मुंबईत एक हक्काची जागा असते, आमदार निवास. ओळखीपाळखीनं चिठ्ठी मिळवलीत तर कुलाब्याच्या मॅजेस्टिकमध्ये, रिगल सिनेमासमोर, कुणाच्या तरी खोलीत सतरंजीवर जागा मिळते. खोलीत आधीच सात-आठ जण आहेत: बदलीसाठी मंत्रालयात खेटे घालणारे मास्तर, टाटा रुग्णालयात बायकोला आणलेला शेतकरी, आणि नुसतेच आलेले कार्यकर्ते. खाली सहकारी भांडारात चहा मिळतो. या गर्दीत तुमच्या मामाची कुणी चौकशी करणार नाही. आणि तुमच्या कागदावरच्या दोन जागा इथून चालत पाच-सात मिनिटांवर आहेत. त्या सतरंजीवरच्या लोकांना याची काही कल्पना नाही. असू दे.

शनिवारी संध्याकाळी गेटवेकडे चला. दिवस मावळताना तिथे वाऱ्याला खारट आणि डिझेलचा असा जोडवास असतो. घारापुरीहून परतलेल्या लाँच धक्क्याला लागतायत, त्यांतून उतरणाऱ्या पोरांना उलट्या होतायत. कबुतरं, चणेवाले, फोटोवाले, फुगेवाले. ताजपासून रेडिओ क्लबच्या दिशेनं समुद्राच्या कडेला दगडी कठडा गेलाय. जाणकार त्याला नुसतं 'वॉल' म्हणतात. कुटुंबं आइस्क्रीम खात फिरतात, नवी जोडपी समुद्राकडे तोंड करून बसतात, आणि त्याच कठड्यावर थोड्या थोड्या अंतरानं काही पुरुष रस्त्याकडे तोंड करून बसलेले असतात. एवढाच फरक, पण तो एकदा दिसला की दिसतच राहतो.

कठड्यावर बसा. दगड दिवसभराच्या उन्हानं अजून ऊबदार आहे. कुणीतरी समोरून जाईल. दहा पावलं पुढे जाऊन मागे वळून बघेल. पुन्हा येईल. मग तो प्रश्न, या शहरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला: "किती वाजले?" त्याच्या मनगटावर घड्याळ असतं. तुमच्या मनगटावरही असतं. तरी तुम्ही वेळ सांगता, तुमचा आवाज कापतो, आणि त्याच्या चेहऱ्यावर ओळखीचं हसू येतं. आयुष्यात पहिल्यांदा एका माणसाला तुमच्याबद्दल ते कळलंय आणि आभाळ कोसळलेलं नाही. तो विचारतो, कुठचा? तुम्ही यवतमाळ म्हणता. महागाव म्हणत नाही. तेवढं भान राहू द्या.

जपून राहा, हेही सांगायला हवं. इथे गोड बोलून गल्लीत नेणारे असतात आणि तिथे दोन साथीदार उभे असतात. कधी साध्या वेशातला पोलीस असतो. तो कायद्याचं कलम सांगतो, घरचा पत्ता विचारतो आणि मग पाकीट मागतो. बाकी कशाला नाही, पण त्या घरच्या पत्त्याला माणसं घाबरतात. अंगठी, घड्याळ, पगाराचं पाकीट, मागेल ते काढून देतात. पैसे मोज्यात ठेवा. खरं आडनाव कुणालाही सांगू नका. आणि जाणं-येणं नेहमी उजेडाच्या रस्त्यानं.

रात्री दहानंतर आर्थर बंदर रोड. कठड्यापासून दोन मिनिटं. बाहेरून पाहाल तर साधा दरवाजा, 'व्हूडू' नावाचा पब. पूर्वी इथेच 'स्लिप डिस्क' नावाचा डिस्को होता आणि १९७२ मध्ये 'लेड झेपलिन'चे दोन गोरे गवई इथे येऊन गाऊन-वाजवून गेले, असं तुम्हाला कुणीतरी बियरच्या घोटासोबत अभिमानानं सांगेल. तुम्हाला ते नाव माहीत नाही, मान डोलवा. आठवड्याचे सहा दिवस इथे कुणीही येतं. शनिवारची रात्र आपली.

आत पाऊल टाकलंत की आधी उकाडा लागतो. सिगारेटचा धूर, सांडलेली बियर, भिजलेले शर्ट, आणि दहा प्रकारची अत्तरं एकमेकांत मिसळलेली. गाणं इतकं मोठं की ते कानाऐवजी बरगड्यांना ऐकू येतं. शब्द इंग्रजी आहेत, कळत नाहीत. मध्यभागी जेमतेम खोलीएवढी जागा, आणि तिच्यात पुरुष पुरुषांबरोबर नाचतायत. परदेशी कंपनीतला साहेब आहे, कुर्ल्याचा शिंपी आहे, कॉलेजची पोरं आहेत, मिशीवाला एक माणूस डोळे मिटून एकटाच डोलतोय. कुणी हसत नाही. महागावच्या तंबूतला तो हशा आठवा आणि इथे कान लावा. एकही माणूस हसत नाहीये, म्हणजे तुमच्यावर हसत नाहीये. एकमेकांशी हसतायत तेवढंच. तुम्हाला नाचता येत नाही? गणपतीच्या मिरवणुकीत नाचला असालच. तसंच नाचा.

पहाटे बाहेर पडाल तेव्हा कानात शिट्टी वाजत असेल आणि पोटात आग पडलेली असेल. ताजच्या मागच्या गल्लीत बडेमियाँच्या गाडीवर निखाऱ्यांवर कबाब भाजतायत, मोटारींच्या टपांवर ताटल्या ठेवून लोक खातायत. मांस खात नसाल तर पुढे भुर्जीवाला, तेही नको असेल तर चहा आणि मस्का पाव. मघा धुरात दिसलेले चेहरे इथे रस्त्यावरच्या दिव्याखाली परत दिसतात. एक नियम पाळा: ते तुम्हाला ओळखत नाहीत, तुम्ही त्यांना ओळखत नाही. नजरेनंही नाही. मुंबईनं आपल्या माणसांना अंधार भरपूर दिला, तोही हात राखून नाही. बागांचे कोपरे, कठड्याचं अंधारं टोक, लोकलचा ठराविक डबा, जिथे संध्याकाळच्या गर्दीत अनोळखी बोटं एकमेकांना शोधायची. अनेकांचं सगळं आयुष्य तेवढ्यावर निभलं, आणि त्यांना त्यात सुख मिळालं असेल तर ते हिरावून घेणारे आपण कोण! पण तुम्हाला इतक्या लांब आणलंय ते या अंधारासाठी नाही.

आता बायकांनी माझ्याबरोबर या. कठडा तुमच्यासाठी नाही, व्हूडूही फारसा नाही. रात्री दहानंतर एकटी बाई समुद्राकाठी बसली तर तिच्याकडे वेळ विचारायला जे येतील ते आपल्यातले नसतील. तुमची मुंबई वेगळी आहे आणि ती लोकलच्या लेडीज डब्यापासून सुरू होते.

संध्याकाळची कल्याण लोकल घ्या. डब्यात मोगऱ्याचा वास आणि घामेजलेल्या ब्लाउजांची ऊब. कुणी वालाच्या शेंगा निवडतंय, कुणी शेजारणीच्या मांडीवर लेकरू ठेवून केस विंचरतंय, चौघी जणी टाळ्या वाजवत भजन म्हणतायत. एक जण दुसरीच्या खांद्यावर डोकं ठेवून ठाण्यापर्यंत झोपते. उतरताना एक दुसरीचा पदर सारखा करते आणि बोटं जराशी रेंगाळतात. शंभर डोळे बघतात, कुणालाच काही दिसत नाही. बायकांचा एकमेकींना लागलेला हात लोकांच्या लेखी मोजलाच जात नाही. त्यामुळे इथे तुम्ही निर्धास्त आहात, आणि त्याचमुळे तुम्ही कुणाला सापडतही नाही. समोरची दोघींची जोडी मैत्रिणींची की आणखी कशाची, हे ओळखण्याची इथे काही खूण नाही. विचारणार कसं?

म्हणून रविवारी दुपारी तुम्ही एका घरी जाता. घराचा पत्ता सांगणार नाही, तेव्हाही तो एकीकडून दुसरीकडे तोंडीच जायचा. दाराबाहेर चपलांचा ढीग. शेजारणींना वाटतं भिशी आहे. आत खिडक्यांचे पडदे ओढलेले, पंखा घरघरतोय, कांदेपोह्यांचा आणि चहात ठेचलेल्या आल्याचा वास. जमिनीवर दहा-पंधरा जणी बसल्यायत. गेल्या वर्षी, १९९५ मध्ये, मुंबईतल्या काही बायकांनी 'स्त्री संगम' नावाचा गट सुरू केला, त्यांच्यातल्या या. पुढे याच गटाचं नाव 'लेबिया' होईल.

कुणी बँकेत आहे, कुणी नर्स, एक जण शाळेत गणित शिकवते. एकीच्या गळ्यात मंगळसूत्र आहे आणि ती ते बोटांनी सारखं फिरवतेय. गप्पा निघतात त्या भोपाळच्या लीला आणि ऊर्मिलाच्या. पोलीस दलातल्या त्या दोघींनी १९८७ साली एकमेकींशी लग्न केलं, आणि त्यांची नोकरी गेली. वर्तमानपत्रातलं ते कात्रण एकीनं जपून ठेवलंय, कडा पिवळ्या पडल्यायत, ते हातोहात फिरतं. तुमच्या हातात येतं तेव्हा तुमच्या लक्षात येतं की महागावहून भोपाळ मुंबईपेक्षा जवळ आहे. म्हणजे हे इतक्या जवळ घडलं होतं.

मग कुणीतरी तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट'चा विषय काढते. १९८१ मध्ये रंगभूमीवर आलेलं ते नाटक, रोहिणी हट्टंगडींनी केलेली ती सुमित्रा. मराठी रंगमंचावर आपल्यासारखी एक बाई मधोमध उभी राहिली होती, सगळ्यांच्या देखत, याचं इथल्या प्रत्येकीला अप्रूप आहे. पण शेवटी ती जीव देते. त्यावरून वाद पेटतो. लेखकानं समाज जसा आहे तसा दाखवला, असं एक जण म्हणते. दुसरी ताडकन म्हणते, आपण पंधरा जणी इथे पोहे खातोय, हाही समाजच आहे की! मला विचाराल तर बाजू दुसरीची. नाटक मोठंच आहे, पण त्या दुपारच्या पोह्यांचं नाटक अजून कुणी लिहायला हवं होतं.

तुम्ही अजून एक शब्द बोललेला नाही. कुणी आग्रहही करत नाही. चहाचा दुसरा कप पुढे येतो आणि शेजारची विचारते, "घरी बघतायत का मुलं?" तुम्ही मान हलवता. ती म्हणते, "माझ्याही घरी." एवढंच. पण हे बोलणं तुम्ही आजवर कुणाशीही केलेलं नाही.

जरा पुढे उडी मारू. नोव्हेंबर १९९८. थिएटरात 'फायर' लागलाय. शबाना आझमी आणि नंदिता दास, दिल्लीच्या एका घरातल्या दोन जावा. सेन्सॉरनं हिंदीत सीतेची नीता करायला लावली, बाकी चित्रपट अख्खा ठेवला. खेळ हाउसफुल्ल आहे. अंधारात पॉपकॉर्नचा वास, मागच्या रांगेत शिट्ट्या, कुणीतरी अचकट विचकट बोलतं आणि लोक त्याला शूऽऽ करून गप्प करतात. पडद्यावर मोठी जाऊ धाकटीचा हात हातात घेते. तुमच्या शेजारी बसलेली, ती रविवारची पोहेवाली, तुमचा हात धरते. तिचा तळवा ओला आहे. हे लवकर बघून घ्या. जेमतेम तीन आठवडे मिळतील. डिसेंबर लागला की याच शहरात थिएटरांच्या काचा फुटणार आहेत.

परत १९९६. शुक्रवारची संध्याकाळ आणि ज्याच्यासाठी मी तुम्हाला आणलं ती जागा. चर्चगेटहून बोरिवली स्लो पकडा, सांताक्रूझला पूर्वेला उतरा. रिक्षावाल्याला वाकोला सांगा. नेहरू रोडवर भाजीच्या पाट्या, कोंबड्यांचे पिंजरे, सायकलवाले, डबकं चुकवत चालणारी शाळेची पोरं. दर काही मिनिटांनी डोक्यावरून विमान इतकं खालून जातं की बोलणं अर्ध्यावर थांबवून माणसं ते जाईपर्यंत वाट बघतात आणि तिथूनच वाक्य पुढे नेतात. समोर महापालिकेची जुनी इमारत आहे. ओलसर भिंती, पानाच्या पिचकाऱ्या, सरकारी पायऱ्या. वर जायचंय.

पायऱ्यांशी तुम्ही दोनदा येता आणि दोनदा पुढे निघून जाता. सगळे असंच करतात. पानाच्या टपरीशी उभं राहून इमारतीकडे बघत राहणारे आणखी दोन जण दिसले तर समजा तेही तिथेच निघालेत.

वर 'हमसफर ट्रस्ट' आहे. अशोक राव कवी या पत्रकारानं १९८६ साली 'सॅव्ही' मासिकातल्या मुलाखतीत आपण समलिंगी असल्याचं स्वतःच्या नावानिशी सांगितलं. १९९० मध्ये त्यांनी 'बॉम्बे दोस्त' काढलं, जे लोक खाकी कागदात गुंडाळून घरी न्यायचे आणि गादीखाली ठेवायचे. त्यातला पत्रमैत्रीचा कोपरा ज्यानं वाचला त्याला कळलं की पत्रं सांगलीहून येतात, भुसावळहून येतात, लष्कराच्या छावण्यांतून येतात. मग १९९४ मध्ये सुहेल अब्बासी आणि श्रीधर रंगायन यांच्या साथीनं ही संस्था उभी राहिली, आणि पुढच्या वर्षी महापालिकेनं तिला ही जागा दिली. ज्यांच्यावर समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ ची तलवार टांगलेली, त्यांना सरकारी इमारतीत एक खोली. हे कसं जमलं याचं मोठं कारण एड्स. लोक मरत होते, त्यांच्यापर्यंत पोहोचेल असं दुसरं कुणी नव्हतं. त्या खोलीच्या भिंतीवर निरोधची पोस्टरं लावलेली आहेत ती याचसाठी.

दार ढकला. पहिली गोष्ट डोळ्यांवर येते ती उजेड. भगभगीत पांढरी ट्यूबलाइट. कठड्यावर अंधार होता, व्हूडूमध्ये धूर होता. इथे प्रत्येक चेहरा कपाळापासून हनुवटीपर्यंत दिसतो, पुटकुळ्यांसकट. तुम्हाला वाटतं पळून जावं. कोपऱ्यातला एक जण खुर्ची सरकवतो. "बस. चहा घेणार?"

खुर्च्यांवर, सतरंजीवर माणसं बसलीयत. एक जण लालबागच्या गिरणी कामगाराचा मुलगा, गिरणी बंद पडल्यापासून घरात त्याच्या पगारावर सगळे. एक जण लातूरचा, भूकंपात घर गेलं तेव्हा मुंबईला आला. हातात बांगड्या घातलेले, बायकी वळणाचे, स्वतःला कोती म्हणवणारे दोघे एकमेकांना कोपरखळ्या मारत मोठ्यानं हसतायत, आणि त्यांच्या हसण्यात कुणाची टवाळी नाही. एक जण पन्नाशीचा, शेतकी खात्यातला, दोन मुलींचा बाप. तो सांगतो की लग्नाला पंचवीस वर्षं झाली आणि बायको चांगली आहे. म्हणूनच घरी गेलं की त्याला तिच्याकडे बघवत नाही. विमान येतं. तो थांबतो. विमान जातं. तो पुढे सांगतो, तिचंही आयुष्य गेलं की हो यात.

हे कान देऊन ऐका. तुमच्या घरी या क्षणी कुणीतरी एका मुलीचा फोटो बघतंय. तिला यातलं काही माहीत नाही. महागावला परत गेल्यावर काय करायचं हे या खोलीत कुणी तुम्हाला सांगणार नाही, पण काय होतं हे सांगणारा माणूस समोर बसलाय, आणि त्याची कहाणी पुसद-यवतमाळच्या कुठल्याही घरात मिळाली नसती.

मग तुमची पाळी येते. नाव सांगायचं. खोटं नाव चालतं, अर्ध्या लोकांनी खोटंच सांगितलंय. गाव सांगायचं. तुम्ही तोंड उघडता आणि ठरवलेलं यवतमाळ न येता वेगळंच निघून जातं.

"महागाव."

"कुठलं महागाव?" मागून आवाज येतो. "पुसदजवळचं? अबे, मी उमरखेडचा!"

सगळी खोली वळून बघते. तो उठून येतो, तुमच्या पाठीवर थाप मारतो. मग तुम्ही दोघं अर्धा तास कशाबद्दल बोलता? बसच्या वेळांबद्दल. औंदाच्या कापसाच्या भावाबद्दल. नदीच्या पुराबद्दल. घराजवळच्या माणसाशी मनातलं सगळं सोडून दुसऱ्या कशाहीबद्दल बोलण्याची चैन तुम्हाला पहिल्यांदाच मिळतेय, कारण मनातलं त्याला आधीच माहीत आहे. त्याचा पत्ता वहीत लिहून घ्या. पत्र पाठवाल तेव्हा पोस्टकार्ड वापरू नका, पोस्टमन वाचतो. बंद पाकीट, आणि मागे पाठवणाऱ्याचं नाव नको.

आणखी एक थांबा आहे. डोळे मिटू नका, नुसतं वळा. १६ ऑगस्ट २००८, शनिवार, ऑगस्ट क्रांती मैदान. आदल्या दिवशीचा स्वातंत्र्यदिन गजबजून गेलाय, रस्त्यावर अजून कागदी झेंडे पडलेले आहेत. हवा दमट, कपडे अंगाला चिकटलेले. भर दिवसा, पोलिसांच्या बंदोबस्तात, काही शे माणसं जमलीयत: मुंबईचा पहिला क्वियर आझादी मार्च. इथून गिरगाव चौपाटीपर्यंत चालत जायचं. तृतीयपंथी नटूनथटून आल्यायत, त्यांच्या टाळ्या ढोलाच्या वर ऐकू येतात. एका मुलाची आई हातात फलक घेऊन चाललीय, नऊवारी सावरत. कलम अजून तसंच आहे. ते पहिल्यांदा हलायला आणखी वर्ष जाईल, आणि संमतीच्या संबंधांवरून कायमचं उठायला २०१८ उजाडेल. पण घोषणा मराठीतही आहेत, आणि दुकानांच्या पायऱ्यांवर आलेली गिऱ्हाईकं आणि शेठ त्या ऐकतायत.

काही जणांच्या तोंडावर रंगीत मुखवटे आहेत. कुणीतरी तुमच्या हातातही एक देतं. दुसरं कुणीतरी सहा रंगांच्या लांबलचक झेंड्याची कड धरायला देतं, म्हणजे एक हात अडकला. लांबून तो उमरखेडचा ओरडतोय, त्याचे केस पिकलेत, त्यानं मुखवटा घातलेला नाही. ऑपेरा हाउसच्या दिशेनं वळताना समोरून मराठी वाहिनीचा कॅमेरा येतो. संध्याकाळी महागावच्या चौकातल्या टीव्हीवर हे दिसणार. मुखवटा काढायची सक्ती इथे कुणीही करत नाही आणि घातला म्हणून कुणी कमी लेखत नाही, तेव्हा ते तुमचं तुम्ही ठरवा. फक्त झेंडा सोडू नका, वारा समुद्राकडून येतोय आणि मागची पोरं उंचीनं लहान आहेत.